क्रियापद कोणाचं ऐकतं?

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या आसपासच्या एखाद्या शाळेत मुलगा मराठीच्या वहीत 'मी पुस्तक वाचलो' असं लिहितो. त्याखाली लाल रेघ येते आणि बाजूला 'वाचले' असं लिहिलं जातं. पुस्तक नपुंसकलिंगी, एकवचनी. क्रियापदाने त्याचं ऐकायचं, 'मी'चं नाही. पुढचा तास इंग्रजीचा. तिथे फळ्यावर नियम असतो की क्रियापद कर्त्याचं ऐकतं, कर्माकडे ते ढुंकूनही पाहत नाही. घरून आणलेली जी सवय मराठीच्या तासाला चूक ठरली, तीच इंग्रजीच्या तासाला नियम म्हणून शिकवली जाते. हा विरोध दोन्ही तासांना कोणी बोलून दाखवत नाही. मुलगा दोन्ही पाठ करतो आणि परीक्षेला बसतो.

हे दोन नियम त्या वर्गात दोन वेगळ्या वाटांनी आले. इंग्रजीचा आधी पाहू, कारण त्याचा दबदबा जास्त आणि वय मात्र वाटतं त्यापेक्षा कमी.

जुन्या इंग्रजीत क्रियापदाला पुरुष आणि वचन दाखवणारे बरेच प्रत्यय होते. शतकांच्या ओघात ते झिजले. आज वर्तमानकाळात तृतीयपुरुषी एकवचनाला लागणारा 'एस' तेवढा उरला आहे, आणि 'असणे' या क्रियापदाची इज, आर, वॉज, वेअर ही चार-पाच रूपं. कर्ता-क्रियापदाचा इंग्रजीतला सगळा तंटा एवढ्याशा ऐवजावरून चालतो. भूतकाळात 'वेन्ट' म्हटलं की एक गेला, शंभर गेले, बाई गेली, सगळं सारखंच. आपल्या 'गेला, गेली, गेलं, गेले, गेल्या' या पसाऱ्यापुढे ही चैनच म्हणायची. पण प्रत्यय थोडे उरले म्हणून भांडण कमी झालं नाही, उलट त्या एका 'एस'वर माणसाची हुशारी तोलली जाऊ लागली.

पेच येतो तो समूहाशी आणि मोजमापाशी. सैन्य, लोक, कुटुंब, समिती, संघ: शब्द एक, माणसं अनेक. जुन्या इंग्रजीत सैन्याला वाक्याच्या सुरुवातीला एकवचनी क्रियापद लावून पुढे तेच सैन्य लुटालूट करू लागलं की बहुवचनी लावायला कोणाला संकोच नव्हता. अर्थ जिकडे झुकेल तिकडे क्रियापद झुके. याला शिस्त लावायची हौस अठराव्या शतकातली. १७६१ साली जोसेफ प्रीस्टली यांचं व्याकरण आलं. ऑक्सिजनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे तेच हे प्रीस्टली. पुढच्याच वर्षी, १७६२ साली, रॉबर्ट लोथ यांचं आलं. लोथ धर्मगुरू होते, पुढे लंडनचे बिशप झाले. समूहवाचक नामाबद्दल त्यांचा निर्णय गंमत वाटावी इतका सैल होता: क्रियापद एकवचनी चालेल, बहुवचनीही चालेल, मात्र त्या शब्दातून एकपणाची कल्पना मनात येते की अनेकपणाची, इकडे लक्ष असू द्या. म्हणजे दार अर्धं उघडं ठेवलेलं.

लिंडली मरे यांनी १७९५ साली हेच आपल्या व्याकरणात जवळजवळ जसंच्या तसं घेतलं. मरे जन्माने अमेरिकन, पेशाने वकील, पंथाने क्वेकर. प्रकृतीमुळे इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिलेले. तिथल्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी त्यांनी हे पुस्तक लिहिलं. ते इतकं खपलं की पुढची पन्नास वर्षं इंग्रजी व्याकरण म्हणजे मरे, असं समीकरण झालं. इंग्रजी राज्याबरोबर ते जहाजातून हिंदुस्थानातही उतरलं.

अमेरिकेत तोवर वेगळंच काही चाललं होतं. त्यांच्या देशाचं नावच बहुवचनी. १७८७ च्या संविधानात देशद्रोहाच्या कलमात संयुक्त संस्थानांचा उल्लेख 'ती' असा अनेकवचनी सर्वनामाने येतो. यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ साली गुलामगिरी रद्द करणारी तेरावी दुरुस्ती झाली, तिच्यातही सर्वनाम अनेकवचनीच आहे. युद्धाने 'आर'चं 'इज' केलं, अशी एक लाडकी कथा अमेरिकेत सांगतात. ऐकायला छान आहे, पण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत बहुवचन त्यानंतरही कित्येक वर्षं रेंगाळलं होतं. देश एक झाला म्हणून व्याकरण रातोरात एक होत नाही. एवढं मात्र खरं की अमेरिकन इंग्रजीत समूहनाम हळूहळू एकवचनात स्थिरावलं आणि ब्रिटिश इंग्रजीत लोथ यांचं अर्धं दार तसंच राहिलं. क्रिकेटचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, म्हणून विदर्भाने २०१७-१८ च्या हंगामात पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तेव्हा त्या वळणाच्या वार्तांकनात 'विदर्भ आर' हेच शोभणारं होतं. अमेरिकन कानाला ते खटकलं असतं. आपण मात्र 'विदर्भ जिंकला' म्हटलं. अकरा जण खेळले, क्रियापदाने एकाचंच ऐकलं, कोणाला काही वाटलं नाही.

भारतातल्या वर्गात हे दार बरंचसं बंद झालं ते परीक्षेमुळे. पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन हे इंग्रज गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. जगाला ते 'बो जेस्ट' या १९२४ च्या साहसकादंबरीमुळे ठाऊक. भारताला ते ठाऊक आहेत मार्टिन यांच्याबरोबर केलेल्या व्याकरणामुळे. 'रेन अँड मार्टिन' हे लाल पुस्तक कित्येक घरांत काकाकडून पुतण्याकडे जात आलं आहे. त्यातल्या आणि त्याच्या पोटी जन्मलेल्या असंख्य मार्गदर्शकांतल्या गाळलेल्या जागा भरणाऱ्याला एकच शब्द लिहायची मुभा देतात. 'अर्थाकडे लक्ष असू द्या' हे लोथ यांचं पालुपद गाळलेल्या जागेत मावत नाही. मग 'द नंबर ऑफ'ला एकवचन, 'अ नंबर ऑफ'ला बहुवचन, 'टेन रुपीज'ला रक्कम म्हणून एकवचन, पोलीस सदा बहुवचनी, अशी पाठांतराची यादी तयार होते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आलं, तेव्हापासून ही यादी गावोगावी पोहोचायला अधिकच वाव मिळाला.

'दहा रुपये' एकवचनी कसे, हा प्रश्न आपल्याकडच्या मुलाने विचारला तर तो मूर्ख नव्हे. मराठीत दहा रुपये झाले, मिळाले, हरवले. कधीच 'झाला' नाही. रक्कम एक असली तरी रुपये दहाच. 'अ नंबर ऑफ'च्या भानगडीचं मूळ तर इंग्रजीच्या गरिबीत आहे. त्यांचा 'ऑफ' दोन अगदी वेगळी कामं करतो, आणि कोणतं काम चाललं आहे ते वरून दिसत नाही. मराठीत ती कामं दोन निरनिराळ्या रचनांना दिली आहेत. 'तांदळाची दोन पोती आली' म्हणा, षष्ठी लागली, सत्ता पोत्यांकडे गेली. 'पोतंभर तांदूळ आला' म्हणा, 'भर' लागल्याने पोतं विशेषणाच्या जागी जाऊन बसलं, सत्ता तांदळाकडे आली. लोकांची संख्या वाढली, पण कितीतरी लोक आले. शेळ्यांचा कळप आला, पण ढीगभर कपडे धुतले. ही सोय इतकी मुरलेली आहे की तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही.

म्हणून मराठीत पेच नाहीत असं मात्र नाही. स्वयंपाकघरात 'तांदूळ निवडले, तांदूळ धुतले' म्हणतात आणि बाजारात 'तांदूळ महागला'. निवडताना एकेक दाणा बोटाखालून जातो म्हणून बहुवचन. भाव ठरतो तो मालाचा म्हणून एकवचन. गव्हाचं तेच, तिळाचं तेच. पोहे मात्र कुठेही गेले तरी बहुवचनीच राहतात. धानाच्या मुलखात हे उदाहरण जवळचं आहेच, पण त्याची वंशावळ फार लांब जाते. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, पहिल्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात असं सूत्र आहे की जातीचा बोध करायचा असेल तेव्हा एकवचनाच्या जागी विकल्पाने बहुवचनही चालेल. 'काशिका' या टीकेत त्याला दिलेली उदाहरणं जवाची आणि भाताची आहेत: पीक चांगलं आलं हे सांगताना भात एकवचनात म्हणा की बहुवचनात, दोन्ही ग्राह्य. लोथ यांच्या कितीतरी शतकं आधी हे दार इथे उघडं ठेवलेलं होतं, आणि तेही सैल बोलून नव्हे तर सूत्रात बांधून.

उलट दिशेचाही एक प्रकार आहे. दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. तिचं वर्णन करताना माणूस सहज म्हणून जाईल की हजारभर माणूस जमला होता. हजार म्हणायचं आणि माणूस एकच, क्रियापदही एकाचंच. मोजून झाल्यावर 'दहा माणसं जेवली'. मोजणं हाताबाहेर गेलं की 'लाख माणूस लोटला'. गर्दी वाढली की वचन घटतं. परीक्षेत हे कोणी विचारत नाही, म्हणून ते अजून जिवंत असावं.

आणि मंडळी! 'मंडळी जमली' म्हणजे स्त्रीलिंगी एकवचन, इथवर ठीक. पण 'घरची मंडळी गावाला गेली आहेत' हे आपण रोज बोलतो. 'आहेत' बहुवचनी. मग 'गेली' कोण? स्त्रीलिंगी बहुवचन असतं तर 'गेल्या' आलं असतं. माझ्या मते हे नपुंसकलिंगी बहुवचन आहे, 'ती दोघं गेली', 'माणसं गेली' यांतलं. घरात बाप्ये असतात, बाया असतात, पोरं असतात. अशा मिश्र जमावासाठी मराठीने नपुंसकलिंग राखून ठेवलं आहे. म्हणजे मंडळी हा शब्द व्याकरणात बाई आणि एक, पण 'आहेत' म्हणताच क्रियापद शब्द सोडून दारातून बाहेर पडणाऱ्या माणसांकडे पाहतं. इंग्रजीत 'कमिटी आर' म्हणणारा हेच करतो. फरक इतकाच की त्यावर तिकडे अडीचशे वर्षं लेख पडत आले, आणि आपण त्याला घोळच मानला नाही.

न मानण्याचं एक कारण आपल्या व्याकरणाच्या जन्मात आहे. विल्यम कॅरी यांनी १८०५ साली बंगालात, सेरामपूरला मराठीचं व्याकरण इंग्रजीतून छापलं. त्यांना मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित नागपूरकडचे मानले जातात. तसं असेल तर छापील मराठी व्याकरणाच्या पहिल्याच पानांवर विदर्भाचा हात आहे. पण परंपरा रुजली ती मुंबईत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली निघालं तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मांडणी इंग्रजी व्याकरणांच्या धर्तीवर, संज्ञा बऱ्याचशा संस्कृतातून. नामांचे प्रकार, वाक्याचे भाग हे साचे आले, समूहवाचक नाम हा डबाही आला. पण त्या डब्यावरून इंग्रजीत जे भांडण होतं ते इकडे आलं नाही, कारण दादोबांपुढे त्याहून मोठं प्रकरण उभं होतं. ज्या भाषेत क्रियापद कधी कर्त्याचं ऐकतं, कधी कर्माचं, आणि कधी कोणाचंच ऐकत नाही, तिला कर्ता-क्रियापदाचा इंग्रजी नियम लावायचा कसा? उत्तर प्रयोगविचारात होतं: कर्तरी, कर्मणी, भावे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी पुढे दादोबांच्या इंग्रजी वळणावर कसून टीका केली, आणि १९११ साली मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ने हा सगळा पसारा एकत्र आणून तपासला. तेव्हापासून आजपर्यंत शाळेत प्रयोग ओळखा हा प्रश्न सुटलेला नाही, दोन्ही अर्थांनी.

साकोलीच्या मुलाची लाल रेघ या कर्मणी प्रयोगातून येते. संस्कृतात 'माझ्याकडून पुस्तक वाचलं गेलं' अशा धाटणीच्या रचनेने भूतकाळ सांगायची सवय बळावली. तिची मुलगी प्राकृतात, आणि नात जुन्या मराठीत: 'म्यां पोथी वाचिली'. इथे 'म्यां' हे तृतीयेचं रूप आहे. वाचणारा कर्ता असूनही तो मागच्या बाकावर, म्हणून क्रियापद पोथीचं ऐकतं हे दिसायला तरी सुसंगत होतं. पुढे प्रमाण मराठीतून 'म्यां' गेलं आणि त्याच्या जागी साधं 'मी' बसलं. 'त्याने', 'तिने' यांना प्रत्यय राहिला. 'मी' आणि 'तू' यांचा गळून पडला. आता 'मी पोथी वाचली' या वाक्यात कर्ता प्रथमेत, ताठ उभा, आणि क्रियापद मात्र अजून पोथीमागे चाललेलं. हुकूम देणारा बदली होऊन गेला, जुना हुकूम कचेरीत लागू राहिला.

या विसंगतीवर जिवंत बोली काहीतरी तोड काढणारच. पुण्याच्या मराठीनेही काढली आहे. 'तू पोथी वाचलीस' यातला 'स' हा कर्त्याचा वाटा. व्याकरणात याला कर्तृ-कर्म संकर म्हणतात. शिवाय 'मी मराठी शिकलो', 'मी दूध प्यालो', 'मी नाव विसरलो' ही वाक्यं प्रमाण मराठीत निर्वेध चालतात. त्यांत कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी क्रियापद 'मी'चंच ऐकतं. यांना अपवाद म्हणून यादीत घातलं की काम भागतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात बोलणाऱ्यांनी हीच यादी लांबवली: शिकलो तसं वाचलो, प्यालो तसं खाल्लो, विसरलो तसं सांगतलो. शेजारच्या छत्तीसगढीत भूतकाळी क्रियापद कर्त्याचंच ऐकतं, दक्षिणेच्या तेलुगूतही. शेजाराचा वारा लागला असणार. पण दार आतूनही उघडं होतं.

ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात नागपूरकडच्या बोलीची नोंद आहे. तेव्हा साकोली मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्याची तहसील होती. १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. बाहेरच्यांनी नोंद करणं वेगळं आणि आपल्या बोलीला आपण कागदावर आणणं वेगळं. ते दुसरं काम साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केलं. या पट्ट्यातल्या झाडीबोलीचा कोश, दंडार या लोकनाट्याचा अभ्यास, बोलीतून लिहिणाऱ्यांचं मंडळ आणि संमेलनं. पानी, डोरा, कारा असं उच्चारणाऱ्यांना तो उच्चार लपवायचं कारण नाही, हे त्यांनी चळवळ म्हणून मांडलं. अलीकडे पुण्याचं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी गावोगाव जाऊन बोलींचं ध्वनिमुद्रण केलं आहे. भूतकाळात क्रियापद कोणाशी जुळतं, हा त्या सर्वेक्षणाच्या आवडीच्या प्रश्नांपैकी एक आहे. एकेकाळी ज्याला अशुद्ध म्हणून खोडत त्याचे आता नकाशे होत आहेत. शाळेच्या वहीत अजून नाहीत.

खरेदी केंद्राच्या काट्यावर या सगळ्याची परीक्षा घेऊन पाहावी. 'मी वीस क्विंटल तांदूळ विकला' की 'विकले'? प्रमाण मराठीत लिहिणारा क्षणभर अडखळेल. क्विंटल वीस, माल एक, दाणे अगणित. कर्मणी प्रयोगात क्रियापदाने यांतल्या कोणाचं ऐकायचं? इंग्रजीवाले जो तंटा कर्त्याच्या दारात घालतात तो आपल्याकडे भूतकाळात कर्माच्या दारात येऊन बसतो, एवढंच. कोणी 'विकला' लिहील, कोणी 'विकले', दोघांनाही आधार सापडेल, आणि संपादक तिसरंच काहीतरी करून वाक्य बदलून टाकील. चुलबंद नदीच्या काठचा माणूस म्हणतो, मी वीस क्विंटल विकलो. विकणारा तो आहे, क्रियापद त्याचं ऐकतं, आणि पोती किती नि दाणे किती हे काटा पाहून घेतो.